फर्दापूर आणि एक दुपटें

अजिंठ्याचीं लेणीं पाहून आलेल्या गृहस्थास "फर्दापूर कसें काय आहे?" असें विचारलें, तर तो बहुधा बुचकळ्यांत पडतो. वास्तविक तो फर्दापुरास उतरलेला असतो, तेथें त्यानें चहाही घेतलेला असतो. परंतु त्याचें मन आधींच लेण्यांत जाऊन बसलेलें असल्यामुळें गांव त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. सोयगांव तालुक्यांतील हें गांव अजिंठ्याच्या घाटाच्या उत्तर पायथ्याशीं आहे. दक्षिणेस छत्रपती संभाजीनगर सुमारें १०० किलोमीटर, तर उत्तरेस जळगांव सुमारें ६० किलोमीटर. मोगल अमदानींतील जुनी सराई गांवच्या पूर्वीच्या महत्त्वाची साक्ष देते. हल्लीं खाजगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्याशीं थांबतात आणि तेथून पुढें वाघूर नदीच्या खोऱ्यांतून लेण्यांपर्यंतचा चार-पांच किलोमीटरांचा रस्ता सरकारी बसनें करावा लागतो.

लेण्यांचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे. १८१९ सालीं जॉन स्मिथ नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं पडलीं, १९८३ सालीं जागतिक वारशांत त्यांची गणना झाली, इत्यादि हकीकत वाचकांस ठाऊकच असेल. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून पुष्कळच घरगुती आहे. फर्दापूरच्या मुक्कामांत आमच्या कुटुंबांतील एका दुपट्याचा प्रश्न सुटला, तो कसा हें सांगावयाचें आहे.

गेल्या माघांत आम्हीं तेथें तीन दिवस मुक्काम केला. आम्ही म्हणजे मी, माझी वडील बहीण आक्का आणि सूनबाई. माझ्या धाकट्या मुलीचें पहिलें बाळंतपण वैशाखांत यावयाचें होतें. मुलांची आई निवर्तून दोन वर्षें झालीं. तिचीं चार सुती लुगडीं ट्रंकेंत होतीं. येणाऱ्या बाळास आजीची मांडी तर मिळणार नव्हती; निदान तिच्या लुगड्याचें दुपटें तरी मिळावें, याविषयीं घरांत एकमत होतें. मतभेद होता तो दुपटें कसें शिवावें याविषयीं. आक्काचें म्हणणें, लुगडें सरळ चौघडीनें घालावें, चारी कडांनीं धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावें. आईनें, आजीनें असेंच केलें. सूनबाईच्या मनांत चौकोनांत वर्तुळें बसवून नक्षीदार दुपटें करावयाचें होतें. अमेरिकेंत पाववर्तुळांच्या अशाच एका नमुन्यास 'मद्यप्याची वाट' असें नांव आहे. तुकडे फिरवून फिरवून जोडले कीं पट्टा झोकांड्या खात चालल्यासारखा दिसतो. हें नांव ऐकतांच आक्कानें कपाळास आठ्या घातल्या, हें सांगावयास नकोच.

परंतु आक्काची हरकत नांवापुरती नव्हती. चौकोनांतून पाववर्तुळ कापलें म्हणजे कोपऱ्याला शेंकडा २१ भाग कापड उरतें. "बाजारचें कापड असतें तर शंभर वेळां काप म्हणालें असतें," आक्का म्हणाली. "हीं चारच लुगडीं आहेत. पांचवें आणायचें म्हटलें तर कुठून आणशील?" या प्रश्नाला उत्तर नव्हतें. सूनबाई गप्प बसली. तिनें सरावासाठीं बाजारांतून कोरें मांजरपाट आणून कांहीं तुकडे जोडून पाहिले होते. तेही सुरकुतले होते. तेच तुकडे पिशवींत घालून ती फर्दापुरास आली होती.

पहिल्या दिवशीं आम्हीं पहिलें व दुसरें लेणें पाहिलें. हीं लेणीं पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं समजतात. यात्रेकरू भिंतीवरील बोधिसत्त्वापुढें उभे राहतात. आमची सूनबाई मान वर करून छताकडे पाहत राहिली. पहिल्या लेण्याचें छत चौरस व लांबट चौकटींत विभागलेलें असून त्यांत कमळें, फळें व पशुपक्षी रंगविले आहेत. दुसऱ्यांत मंडपाच्या मध्यभागीं मोठें वर्तुळ आहे, त्याच्या आंत एकांत एक असे गोल पट्टे, बाहेर चौकट, आणि वर्तुळ व चौकट यांच्यामध्यें जे चार कोपरे उरतात त्यांत आकाशांत विहरणाऱ्या आकृती. छत दगडाचें; पण डोक्यावर कापडी वितान ताणलें असावें असा भास होतो.

"मामंजी, हें दुपटेंच नाहीं का?" सूनबाई हळूच म्हणाली.

आक्कानेंही वर पाहिलें. तिनें पुष्कळ वेळ पाहिलें. मग म्हणाली, "रंगवायला काय लागतें? शिवून दाखव म्हणावें."

आक्काचा हा आक्षेप भूमितीच्या दृष्टीनें अगदीं रास्त आहे. रंगाऱ्याला वर्तुळाची रेघ एकच काढावयाची असते. शिवणाऱ्याला दोन कडा एकत्र आणाव्या लागतात आणि त्या समान नसतात. संध्याकाळीं विश्रामगृहाच्या ओसरींत मीं कागदावर आकृति काढून हें सूनबाईस समजावून दिलें. पाववर्तुळाची त्रिज्या ४ इंच घ्या. शिवणीची रेघ दोन्ही तुकड्यांवर सारखीच, सुमारें ६.२८ इंच भरते. पण शिवणीसाठीं पाव इंच कापड सोडावें लागतें. फुगीर तुकड्यावर तें रेघेच्या बाहेर राहतें, म्हणून त्याची कापलेली कड ६.६८ इंच होते. पोकळ तुकड्यावर तें आंतल्या बाजूस येतें, म्हणून त्याची कड ५.८९ इंचच भरते. अंतर सुमारें पाऊण इंच. आतां त्रिज्या २ इंच घेतली तरी अंतर तेवढेंच राहतें, कारण तें त्रिज्येवर अवलंबून नसून सोडलेल्या कापडावर अवलंबून असतें. अर्थात् वर्तुळ जितकें लहान, तितक्या थोड्या लांबींत तोच पाऊण इंच जिरवावा लागतो. म्हणून लहान वर्तुळें अधिक सुरकुततात. ही आकडेमोड सूनबाईला पटली. पण पाऊण इंच जिरवावयाचा कसा, हें भूमितींत सांगितलेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं भिक्षूंच्या निवासाच्या कोठड्या पाहत होतों. तेथें आक्का दगडी ओट्यावर टेकली असतां मीं तिला महावग्गांतील एक कथा सांगितली. मगध देशांत प्रवास करितांना भगवान् बुद्धांनीं बांधबंदिस्तीनें आखलेलीं शेतें पाहिलीं आणि आनंदास विचारलें, भिक्षूंसाठीं अशा आकृतीचीं चीवरें करतां येतील काय? आनंदानें तुकडे जोडून तसें चीवर करून दाखविलें. त्यांतील लांब शिवणीस 'कुसि', तुकड्यांस 'मंडल' व 'अड्ढमंडल' अशीं नांवें आहेत. मात्र येथें मंडल म्हणजे वर्तुळ नव्हे, तर शेताचा वाफा समजावा. कापड कापून जोडण्याचें एक कारणही तेथें दिलें आहे. अशा कापलेल्या वस्त्राचा चोराला लोभ सुटत नाहीं. अखंड वस्त्राला बाजारांत किंमत असते; कापून शिवलेलें वस्त्र ज्याचें त्याच्याच उपयोगी पडतें. आपल्याकडेही चर्पटपंजरिकेंतील विरक्त पुरुष रस्त्यांतल्या चिंध्यांची कन्थाच पांघरतो.

आक्का कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "म्हणजे कापलें तर तें बाळाचेंच झालें म्हणावयाचें?" मीं होकार दिला. "पण धड शिवलें पाहिजे," ती म्हणाली.

धड शिवण्याचा मार्ग तिसऱ्या दिवशीं गांवांतच सांपडला. सकाळीं फिरावयास गेलों असतां एका घरापुढील अंगणांत एक वृद्ध बाई गोधडी घालून बसली होती. खालीं सबंध लुगडें, त्यावर जुन्या धोतराचे, सदऱ्याचे, पोलक्याचे तुकडे, वर पुन्हा लुगडें. आणि हातांतील दाभण बोटबोट अंतरानें सरळ ओळी टाकीत चाललें होतें. आक्का आपण होऊन तिच्याजवळ जाऊन बसली. सूनबाईनें पिशवींतले सुरकुतलेले तुकडे दाखविले. बाईनें ते बोटांनीं चाचपले, उलटे करून पाहिले आणि हंसून म्हणाली, "चोळीची बाही बसवता न्हवं? मग हे तसंच की, माय."

आम्ही तिघेंही एकमेकांकडे पाहूं लागलों. खरेंच, बाहीचा माथा फुगीर असतो आणि अंगाची काख पोकळ असते. या दोन असमान कडा कित्येक पिढ्यांच्या स्त्रिया हातानें जुळवीत आल्या आहेत. आक्कानेंच जन्मांत अशा किती चोळ्या शिवल्या असतील! बाई पुढें म्हणाली, "पण हे फडकं नवं हाय. नवं ऐकत न्हाई. जुनं घ्या, ते ऐकतं." मग तिनें करून दाखविलें. दोन्ही तुकडे मध्यावर दुमडून खूण केली. पोकळ तुकडा वर, फुगीर तुकडा खालीं, अशा धरून प्रथम मध्यें टांका, मग दोन टोंकांना टांका, मग मधल्या जागीं. पोकळ कडेला शिवणीच्या अलीकडेच थांबतील अशा दोन-तीन बारीक चिरा. मग बारीक धावदोरा, आणि शिवण झाली कीं नखानें दाबून ती एका अंगाला निजवावयाची.

यांतलें मर्म मागाहून माझ्या ध्यानांत आलें. उभ्या व आडव्या धाग्याच्या दिशेनें कापड ताणत नाहीं, तिरपें धरलें तरच तें ताणतें. पाववर्तुळाचीं दोन टोंकें सरळ धाग्यावर येतात, मध्य तिरप्यावर येतो. म्हणून तो पाऊण इंच सगळीकडे सारखा वांटतां येत नाहीं. मध्याजवळच तो जिरतो. मध्यावर आधीं टांका घातला, म्हणजे दोन्हीं बाजूंना सारखें माप येतें आणि सैल कापड एका टोंकाला जमून सुरकुती पडत नाहीं. बरीच वर्षें धुवून मऊ झालेल्या लुगड्यांत ही लवण कोऱ्या मांजरपाटापेक्षां कितीतरी जास्त असते.

घरीं परतल्यावर आक्कानें स्वतः ट्रंक उघडली. तिनें दोन अटी घातल्या. एक, चारांतलें एक लुगडें सबंध ठेवून त्याचें अस्तर करावयाचें. दुसरी, कोणत्याही लुगड्याच्या पदराला कात्री लावावयाची नाहीं. पदर काढून निराळे ठेवावयाचे. सूनबाईनें दोन्ही मान्य केल्या. ६ इंचांचे ३६ चौकोन, दर चार चौकोनांत एक वर्तुळ, अशीं नऊ वर्तुळें मिळून तीन फुटांचें दुपटें ठरलें. कापून उरलेले कोपरे आक्कानें फेंकूं दिले नाहींत. गोधडीच्या पोटांत सगळें खपतें, म्हणून ते तिनें आंतल्या थरांत सारखे पसरून घातले. शेंकडा २१ भाग वाया जाण्याचा प्रश्न असा मिटला. पहिले पांच सांधे उसवावे लागले. सहावा आक्कानें शिवला. चाळशी लावून, एकही शब्द न बोलतां तिनें तो शिवला, आणि तो सपाट बसला. पुढचे सांधे दोघींनीं मिळून पुरे केले.

आमच्या सुशिक्षित घरांतून गोधडी हल्लीं दिसेनाशी झाली आहे. तयार रजया मिळतात, त्या उबदार असतात, आणि जुन्या लुगड्यांवर बोहारीण भांडें देते. यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु घरांत एखाद्या गेलेल्या माणसाचें वस्त्र असेल, तर तें भांड्यावर देण्यापूर्वीं ज्यांच्या हातांत ही विद्या अद्याप आहे अशा वडील स्त्रियांना एकवार विचारावें. वस्त्र पुष्कळ दिवस टिकतें. तें शिवणारा हात तितका टिकत नाहीं. आणि लेणीं पाहण्यास जाणाऱ्या मंडळींनीं पहिल्या व दुसऱ्या लेण्यांत अवश्य मान वर करावी, आणि परततांना बसमधून उतरल्यावर पुढची गाडी पकडण्याची घाई न करितां फर्दापूर गांवांत अर्धा घटका पायीं हिंडून यावें.