अंगण वाकडेच होते

मराठी भाषेत म्हणींची जी संपत्ती आहे, तिचा उपयोग वडीलमाणसे बहुधा मुलांना गप्प करण्यासाठी करीत असतात. म्हण हे मोठे सोयीचे शस्त्र आहे. ते एकदा उपसले की समोरच्यास प्रत्युत्तराचा अधिकार उरत नाही. कारण इतक्या पिढ्यांनी मान्य केलेली गोष्ट चुकीची कशी असेल? गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या बारा वर्षांच्या नातवावर असेच एक शस्त्र चालविले आणि ते उलटून आम्हांलाच लागले. ती हकीकत सांगावयाची म्हणजे व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरविषयी चार शब्द लिहिणे आले. विषय आमच्या वयास शोभणारा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या वस्तूपायी आम्ही एका मुलाला चारचौघांत खोटे पाडले, तिची नीट ओळख करून घेणे आम्हांला कर्तव्यच वाटले.

या वस्तूला मराठीत काय म्हणावे, हा पहिला प्रश्न. 'नियंत्रक' म्हटले की डोळ्यांपुढे परीक्षा घेणारा सरकारी अधिकारी उभा राहतो. आमचा नातू तिला 'रिमोट' म्हणतो. त्याचा बापही लहानपणी हेच म्हणत असे. १९९०च्या सुमारास बेळगावच्या घराघरांत टीव्हीला जोडावयाची स्वस्त यंत्रे आली होती. त्यांत 'कॅसेट' खोचावयाची आणि तासन् तास उड्या मारीत बसावयाचे. त्या यंत्राचा रिमोट म्हणजे प्लॅस्टिकची एक चपटी आयताकृती वडी. तास दोन तास खेळून झाल्यावर तिच्या कोपऱ्यांचे वळ आमच्या चिरंजिवांच्या तळहातांवर उमटत, आणि अभ्यास न केल्याचा तोच पुरावा आम्ही ग्राह्य धरीत असू.

नातवाचे यंत्र अर्थातच नव्या जमान्याचे. त्याचा कंट्रोलर दोन्ही हातांत घट्ट बसणारा, खाली दोन मुठी असलेला. वर दोन्ही अंगठ्यांखाली छत्रीच्या आकाराच्या दोन लहान दांड्या. डावी दांडी जिकडे कलवावी तिकडे पडद्यावरचा गडी धावतो. थोडी कलविली तर चालतो, पुरती कलविली तर पळतो. श्रावणातल्या एका रविवारी बाहेर पाऊस कोसळत होता. घरी चार पाहुणे आले होते आणि मुलगा फुटबॉलचा खेळ खेळत होता. ऐन मोक्याच्या क्षणी त्याचा गडी चेंडू सोडून भलतीकडेच गेला आणि गोल झाला. पाहुण्यांतल्या एकाने थट्टा केली, तेव्हा पोर काकुळतीने म्हणाले, "आबा, मी काही केलं नाही. तो आपोआपच डावीकडे जातोय."

आणि आम्ही उद्गारलो, "नाचता येईना, अंगण वाकडे!"

पाहुणे मनमुराद हसले. आम्हांलाही आपल्या समयसूचकतेचे कौतुक वाटले. मुलाचे कान तेवढे लाल झाले. त्याने कंट्रोलर हलकेच खाली ठेवला, टीव्ही बंद केला आणि तो आत निघून गेला. त्यानंतर आठ दिवस त्याने त्या यंत्रास हात लावला नाही. घरात सर्वांनी याचा अर्थ सुधारणा असा लावला. सूनबाईंनी तर आमचे आभारही मानले.

नवव्या दिवशी दुपारी तो शाळेत गेला असता, रिकामपणाला कंटाळून आम्हीच ते यंत्र सुरू केले. खेळ लावला, गडी मैदानात उभा केला, आणि इतक्यात चहा आला. कंट्रोलर मेजावर ठेवून आम्ही कप उचलला. पडद्यावरचा गडी हलला. प्रथम आम्हांला तो भास वाटला. पण नाही, कोणाचाही हात लागलेला नसताना तो गडी सावकाश, कोणी हाक मारल्यासारखा, डावीकडे चालू लागला आणि मैदानाच्या रेषेपर्यंत जाऊन पोहोचला. आम्ही त्यास परत आणले, कंट्रोलर पुन्हा मेजावर ठेवला. तो पुन्हा निघाला. चहा निवून गेला. अंगण खरोखरच वाकडे होते, आणि ते वाकडे आहे असे सांगणारा मुलगा घरात एकटाच होता.

आमच्या गल्लीत रेडिओदुरुस्तीपासून मोबाईलपर्यंत मजल मारलेला एक कारागीर आहे. त्याच्याकडे आम्ही ते धूड घेऊन गेलो. त्याने चार स्क्रू काढले आणि आत दाखविले. प्रत्येक दांडीच्या बुडाशी काटकोनात बसविलेल्या दोन डब्या असतात; एक आडव्या हालचालीसाठी, दुसरी उभ्या हालचालीसाठी. डबीत कार्बनचा पातळ थर दिलेली पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक जीभ घासत जाते. जीभ पट्टीवर कोठे टेकली आहे त्याप्रमाणे विजेचा दाब बदलतो, आणि त्यावरून यंत्र दांडीचा कल ओळखते. "जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचं बटण आठवतं ना? तेच हे," कारागीर म्हणाला. आणि आम्हांला ते बटण फिरविताना होणारी खरखर तत्काळ आठवली. वर्षानुवर्षे घासून थर झिजला की रेडिओ खरखरतो. इकडे तोच थर झिजला, किंवा त्यात धूळ शिरली, की दांडी सरळ उभी असूनही यंत्रास ती कललेली वाटते. या दोषास 'ड्रिफ्ट' म्हणतात. त्याने औषध मारून डबी साफ केली. तीन आठवडे गुण आला, मग गडी पुन्हा डावीकडे निघाला.

औषधाचा गुण ओसरण्यापूर्वीच, म्हणजे त्याच संध्याकाळी, आम्हांला एक अवघड काम उरकावयाचे होते. आजोबांनी नातवाची क्षमा मागण्याची रीत आमच्या घराण्यात नाही. आम्ही बराच वेळ घसा साफ केला आणि म्हणालो, "तुझं खरं होतं. चूक आमची." त्याने पुस्तकातून मान वर न करता "हं" एवढेच म्हटले. त्या एका 'हं'मध्ये आठ दिवस होते. तेव्हा आम्ही ठरविले की नवा कंट्रोलर घ्यावयाचा, आणि तो त्याने निवडावयाचा.

निवडीला जाण्यापूर्वी आम्ही थोडा अभ्यास केला. बाप-नातवांच्या पिढीत नव्हता तो दोष आला कोठून, हे आम्हांला समजून घ्यावयाचे होते. १९७७ साली निघालेल्या अटारीच्या यंत्राला एक उभा दांडा असे. १९८२ मध्ये निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी खिशात मावणाऱ्या खेळासाठी अधिकचिन्हासारखी कळ बसविली. पुढल्याच वर्षी ती त्या कंपनीच्या घरगुती यंत्राच्या कंट्रोलरवर आली. चिरंजिवांची वडी ही त्याच कुळातली. या दोन्हींमध्ये आत साधे स्पर्शबिंदू होते. दाबले तर 'हो', सोडले तर 'नाही'. जेथे 'थोडेसे' ही अवस्थाच नाही, तेथे हा थोडासा कल यावयाचा कसा? पुढे खेळ सपाट पडद्यातून खोलीत शिरले आणि 'किंचित डावीकडे' असेही सांगण्याची गरज पडली. १९९६ साली निन्टेंडो ६४च्या कंट्रोलरवर अंगठ्याखालची दांडी आली. १९९७ साली सोनीने प्लेस्टेशनसाठी दोन दांड्यांचे कंट्रोलर आणले. सूक्ष्मता आली आणि तिच्याबरोबर झीजही आली. माणसाच्या बाबतीतही याहून निराळे घडत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञास असे आढळले की, वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला तर पट्टीच्या दोन कडांत विजेचा दाब निर्माण होतो. त्या तत्त्वावर दांडीच्या बुडाशी लहानसा चुंबक बसवितात आणि समोरचा संवेदक त्याची जागा ओळखतो. कशाचा कशाला स्पर्श नाही, म्हणून तेथे घासणेही नाही. सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्राच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच ही योजना होती. तरी अजूनही बहुतेक कंट्रोलरांत घासणारीच रचना असते. अर्थात चुंबक म्हणजे अमरपट्टा नव्हे. दांडीला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडू शकते, कळांखालचे रबर थकते, मुठींचे आवरण सोलते. परंतु जो दोष निरपराध्यावर आळ आणतो, तो तरी यात सहसा येत नाही.

दुकानात गेल्यावर मुलाची नजर अपेक्षेप्रमाणे सात रंगांचे दिवे लुकलुकणाऱ्या कंट्रोलरवर गेली. विक्रेताही दिव्यांचीच स्तुती करू लागला. तेव्हा आम्ही त्यास आमच्या गावची एक जुनी रीत सांगितली. ज्या बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी हार्मोनियमच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या, तेथे पेटी घेताना कोणी लाकडाची चमक पाहत नाही. डोळे मिटावे आणि बोटे ठेवावी. पट्टी किती दाबावी लागते, सोडताच ती उठते की रेंगाळते, हे बोटच सांगते. "डोळे मीट," आम्ही म्हणालो, "आणि एकेक हातात घे."

त्याने डोळे मिटले, आणि निवड एकदम निराळी झाली. दिव्यांचा कंट्रोलर त्याच्या हातास मोठा होत होता. मागील कळांपर्यंत तर्जनी पोहोचावी म्हणून त्याला मूठ सैल करावी लागे. मोठ्या कंपन्यांनाही ही चूक कळावयास वेळ लागला आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आलेला कंट्रोलर एवढा अवजड होता की त्यास 'ड्यूक' असे टोपणनाव पडले. जपानी ग्राहकांसाठी लहान घडण काढली, तीच मग सर्वत्र पसरली. याच्या उलट, ज्यांचे हात सामान्य कंट्रोलर धरूच शकत नाहीत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणि सोनीने २०२३ साली हवी तशी मांडणी करता येणारे कंट्रोलर आणले. हात यंत्रापाशी न्यावयाचा नसून यंत्र हातापाशी आणावयाचे असते, एवढे या धंद्यालाही आता उमगले आहे.

दुसरा भेद दांड्यांच्या जागेचा. प्लेस्टेशनच्या धर्तीवर दोन्ही दांड्या खाली समोरासमोर असतात. एक्सबॉक्सच्या धर्तीवर डावी दांडी वर आणि उजवी खाली. यात श्रेष्ठकनिष्ठ काही नाही, अंगठ्याच्या सवयीचा प्रश्न आहे. आमचा डावा अंगठा संधिवाताने आखडलेला. तो सहज पसरावा तर वरच्या दांडीवर पडतो, खाली वळवावा तर कळ येते. आम्ही हे बोललो नव्हतो. परंतु मुलाने डोळे मिटल्या मिटल्या दोन कंट्रोलर बाजूस सारले आणि तिसरा आमच्या हातात देत विचारले, "यात तुमचा अंगठा दुखतो का?" नवा कंट्रोलर केवळ त्याच्यासाठी नव्हता, हे आम्हांला तेव्हा समजले.

उरलेल्या चौकशा आम्ही केल्या. तो आमच्या घरच्या यंत्रास चालतो का, हे दुकानातच जोडून पाहिले. कारण यात मोठी फसगत होते. प्लेस्टेशन ५साठीच्या खेळांना प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर चालत नाही. उलट एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर २०२०च्या एक्सबॉक्सवरही चालतात. नाव एक असले म्हणून गोत्र जुळतेच असे नाही. बॅटरी आतली की बदलता येणारी, हेही विचारले. दांड्या चुंबकाच्या आहेत याची खात्री केली आणि पावती जपून ठेवली. वस्तू काळी, साधी, दिव्यांवाचूनची. घरी आल्यावर ती मेजावर ठेवून आम्ही दोघे पाच मिनिटे पडद्याकडे पाहत बसलो. गडी जागचा हलला नाही.

जुना कंट्रोलर टाकून द्यावा असे सर्वांचे मत पडले. तो आम्ही मागून घेतला. काही खेळांत दांडीच्या मध्याभोवती एक वर्तुळ आखून देता येते. त्या आतली लहानसहान हालचाल यंत्र हिशेबात धरीत नाही. त्यास 'डेड झोन' म्हणतात. आम्ही त्यास क्षमेचे वर्तुळ म्हणतो. ते मोठे केले की जुना कंट्रोलर बराचसा सरळ वागतो. मात्र हलका इशारा त्यास समजेनासा होतो. आता संध्याकाळी आम्ही नातवाबरोबर अर्धा तास फुटबॉल खेळतो. चांगला त्याच्याकडे, वाकडा आमच्याकडे.

परवा अगदी शेवटच्या मिनिटाला आमचा गडी चेंडू सोडून डावीकडे निघून गेला. "अरे, आपोआप गेला!" आम्ही ओरडलो. मुलाने आमच्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत हसू होते, आणि ती म्हण त्याच्या ओठांपर्यंत आलेली आम्हांला स्पष्ट दिसली. त्याने ती गिळली आणि म्हणाला, "हो आबा, मी बघितलं."