अंकलचं देणं

गिऱ्हाइकाला फळ पारखायला शिकवू नये, हे फळवाल्याचं साधं शहाणपण. शिकलेलं गिऱ्हाईक ढिगाच्या तळाचा माल घेत नाही. पिनांग बेटावर, बालिक पुलाउच्या रस्त्याकडेला डुरियन हे काटेरी, उग्र वासाचं फळ विकणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्याने हे शहाणपण माझ्या बाबतीत गुंडाळून ठेवलं. मी त्याला अंकल म्हणायचो, तो मला बॉस. मलेशियात गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही एकमेकांचे बॉस असतात.

नोकरीसाठी बायान लेपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गेलो तेव्हा डुरियनविषयी मला एवढंच ठाऊक होतं, की हॉटेलच्या दारावर त्यावर फुली मारलेली पाटी असते. पण जून-जुलैत सगळं ऑफिस डोंगर ओलांडून बालिक पुलाउला जातं, तसा मीही गेलो. अंकलचा पहिला प्रश्न भावाचा नसे. "पाहित की मानिस?" कडू की गोड? फळ कडू हवं म्हणून कुणी मागून घेतं, याचं मला नवल वाटलं. तिथले दर्दी मात्र जुन्या झाडाचं, जिभेवर कडसर रेंगाळणारं फळच शोधत येतात. नवख्याला अंकल आधी रेड प्रॉन जातीचं फळ द्यायचा, नारिंगी झाक असलेल्या गोड गऱ्यांचं. मुसांग किंग ही कडसर जात त्यानंतर. कडू आधी खाल्लं तर गोड फळ पाणचट लागतं, म्हणून हा क्रम तो कुणालाही मोडू देत नसे. पैसे देणाऱ्यालाही नाही.

पारखण्याची सुरुवात देठापासून. नखाने देठ खरवडायचा. आत ओलसर हिरवट दिसला तर फळ नुकतंच गळलेलं, सुकून तपकिरी पडला असेल तर शिळं. तिथे डुरियन झाडावरून तोडत नाहीत, आपणहून गळेपर्यंत थांबतात. उतारावरच्या बागांत झाडांखाली त्यासाठी जाळ्या ताणलेल्या असतात. थायलंडचं निर्यातीचं फळ तोडून उतरवतात आणि मागाहून पिकवतात. त्याला अंकल डुरियन मानायलाच तयार नव्हता. (हा अन्याय आहे. थाई मोनथोंगची मऊ गोडी मला आवडते, पण त्याच्यासमोर हे बोलायची माझी छाती झाली नाही.)

मग शेजारचे दोन काटे चिमटीत धरून एकमेकांकडे दाबायचे. किंचित वाकले तर फळ तयार. नंतर ते कानाशी नेऊन हलकेच हलवायचं. गरा सालीपासून सुटला असेल तर आत काहीतरी मऊसं आपटतं. हे कानाला कळायला मला फार दिवस लागले, आणि तितके दिवस अंकल गर्दीतसुद्धा माझ्या हातात फळं देत राहिला. एक पिकलेलं, एक कच्चं, पुन्हा एक पिकलेलं. सालीला भोक दिसलं तर आत कीड. तडकलेलं फळ कितीही घमघमलं तरी घ्यायचं नाही, हवा शिरून गरा उतरलेला असतो. आणि मुसांग किंग घेताना आधी तळ बघायचा: तिथे तपकिरी रेघांची पाच टोकांची चांदणी असते. ती नसलेलं फळ त्याच नावाने खपवणारे लोक बाजारात आहेत. हे मला सांगून अंकलचा काय फायदा?

ऐन मोसमात अण्णा आले. माझे वडील लांज्याकडचे. फणस जून झालाय की नाही ते टिचक्या मारून सांगणारे. अंकलच्या दुकानात त्यांनी सवयीने पहिल्यांदा तेल मागितलं, हात चोळून दाखवत. अंकलला काही उमगेना. मी समजावलं, की आमच्या फळाला चीक असतो. तो हसला, अण्णांच्या हातात जाड मोजा चढवला आणि डुरियन उलटं केलं. देठ खाली. काट्यांमधून तळाकडे येणाऱ्या पाच पुसट शिवणी त्याने बोटाने दाखवल्या. अण्णा वाकून बघत म्हणाले, "अरे, ही तर सावर!" सावरीचं बोंड असंच पाच फाकांनी उकलतं. त्यांनी वनस्पतिशास्त्र वाचलं नव्हतं, पण बरोबर बोलले होते: डुरियन, सावर आणि आपली भेंडी एकाच कुळातली. फणस वड-उंबरांच्या कुळातला, त्याचं डुरियनशी नातं फक्त दिसण्यापुरतं.

पाचही शिवणी जिथे मिळतात तिथे अंकलने आखूड, जाड पात्याचं टोक रोवलं आणि मनगट पिळलं. फट पडली. मोजा घातलेल्या हाताने फाक ओढली, ती देठापर्यंत सरळ सुटली. आडवं कापलं असतं तर गरे चिरले असते. दुसरं फळ अण्णांनी उकललं, तेही एक गरा न दुखावता. नंतर ते इतर गिऱ्हाइकांची फळं उकलत बसले. एकजण होक्कियन बोलत होता, दुसरा लांज्याची मराठी. मध्ये माझी गरज कुणाला पडली नाही. खाऊन झाल्यावर अंकलने रिकाम्या सालीत पाणी ओतून त्यांचे हात धुववले. वास जातो म्हणे. अण्णांचा नाही गेला.

त्या दिवशीचे पैसे त्याने घेतले नाहीत. पण माझ्यावर त्याचं खरं देणं आहे ते रोजच्या रीतीचं. फट पाडून, गरा दाखवून, चाखायला दिल्याखेरीज त्याने मला एकही फळ विकलं नाही. बेचव निघालं तर ते मुकाट बाजूच्या टोपलीत टाकायचा, नुकसान त्याचं.

आता तिथे त्याचा मुलगा बसतो. जून-जुलैत पिनांगला गेलात तर डुरियन हॉटेलवर नेऊ नका, विकणाऱ्यासमोर बसूनच खा. पैसे देण्याआधी फट पाडून दाखवायला सांगा, आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या दुकानावर जा.