कॅप्टनच्या पंगतीला काय घालाल?

क्रूझचं तिकीट बुक झालं. बॉसने सुट्टी मंजूर केली (चक्क!). गॉगल, शॉर्ट्स, सनस्क्रीन सगळं बॅगेत गेलं. आणि मग कन्फर्मेशनच्या मेलमध्ये खाली कुठेतरी बारीक अक्षरात दिसतं : ‘टू फॉर्मल नाइट्स’. बस्स, तिथेच समस्त पुरुषवर्गाची विकेट पडते! बायकांकडे निदान चॉइस तरी असतो. आपल्याकडे काय? ऑफिसचे चार शर्ट आणि लग्नात शिवलेला एक थ्री-पीस, ज्याचं बटण आता श्वास रोखल्याशिवाय लागत नाही.

आधी ही भानगड काय ते सांगतो. सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन संध्याकाळी अशा असतात. जहाज दिवसभर समुद्रातच आहे, कुठलं बंदर लागणार नाही, असा दिवस बहुतेक वेळा त्यासाठी निवडतात. म्हणजे नटायला निवांत वेळ! कॅप्टन पाहुण्यांना भेटतो, फोटोग्राफर टपून बसलेले असतात आणि मोठ्या डायनिंग हॉलमध्ये साग्रसंगीत जेवण होतं. नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. ‘क्युनार्ड’च्या बोटींवरची ‘गाला इव्हिनिंग’ म्हणजे कडक काम. डिनर जॅकेट किंवा गडद सूट हवाच. ‘नॉर्वेजियन’वर सक्तीच नाही. बाकीच्या बऱ्याच जणांचा मधला मार्ग : हॉलमध्ये यायचं तर नीट तयार होऊन या, नाहीतर वरच्या डेकवर बुफे आहेच.

आता माझी केस. मी राहतो पुण्यात, नोकरी हिंजवडीत, पण माणूस नगरचा. (२०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं, पण घरी कधी निघालो विचारलं तर तोंडातून अजून ‘नगर’च येतं.) गेल्या वर्षी आई-अण्णांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून आम्ही दोघा भावांनी त्यांना सिंगापूरहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. आईने पैठणी काढली, विषय संपला. प्रॉब्लेम होता अण्णांचा.

अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. आयुष्यभर पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. ऐंशीच्या दशकात सगळ्या नगर जिल्ह्याने लग्नकार्यात सफारी शिवली, तेवढी एक त्यांनीही शिवली होती. ती आता बोहारणीनेही घेतली नसती. धाकट्या भावाने उत्साहाने मॉलमध्ये नेऊन त्यांना ब्लेझर चढवला. अण्णांनी आरशात पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “हा कोण?”

घरी आल्यावर म्हणाले, “तुम्ही जा जेवायला. मी आपला खोलीत बसतो.”

“अहो अण्णा, बुफे आहे ना वर. तिथे कसंही गेलं तरी चालतं,” भाऊ म्हणाला.

“म्हणजे दुसऱ्या पंगतीला बसायचं. त्यासाठी एवढा समुद्र कशाला ओलांडू?”

आईने पैठणी परत कपाटात ठेवली. चाळीस वर्षांच्या लग्नाचं जेवण ती एकटी जेवणार नव्हती. तेव्हा लक्षात आलं, की हा कपड्यांचा प्रश्न राहिलेलाच नाही. आपल्याच वडिलांना आपण घेतलेल्या तिकिटावर मागच्या दाराने जेवायला पाठवायचं का, असा तो प्रश्न होता. मग मी जरा शोधाशोध केली. बॉस, जे सापडलं ते भन्नाट आहे!

डिनर जॅकेटची जन्मकथा लंडनच्या ‘हेन्री पूल’ या टेलरिंग कंपनीकडे जाते. १८६५ मध्ये त्यांनी युवराजाला घरगुती जेवणासाठी आखूड कोट शिवून दिला. कशासाठी? शेपटीवाल्या लांब कोटापेक्षा आरामात बसता यावं म्हणून! म्हणजे आज ज्याचं आपल्याला टेन्शन येतं, तो कोट मुळात ‘कॅज्युअल’ होता. आणि त्याखाली कमरेला बांधतात तो ‘कमरबंड’? तो आपलाच कमरबंद. हिंदुस्थानच्या उकाड्यात वेस्टकोट सोसेना, म्हणून गोऱ्या साहेबांनी तो उचलला. नगरकरांना हे नवीन नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून आमच्या गावात आहे. मेसमध्ये डिनर नाइटला जाणारे अफसर लहानपणी भिंगारच्या बाजूला गाडीतून उतरताना दिसायचे : आखूड जॅकेट, कमरेला रुंद पट्टा, बूट असे की भांग पाडून घ्यावा.

दुसरं सापडलं ते आणखी घरचं. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ पंडित नेहरू आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी १९४४ मध्ये तिथेच लिहिलं. पुढे साठच्या दशकात याच माणसाच्या नावाने ‘नेहरू जॅकेट’ पाश्चात्त्य फॅशनमध्ये पोचलं. आणि अण्णा अंगात घालतात त्याला आमच्याकडे म्हणतात काय? नेहरू शर्ट!

पण खरा सिक्सर भारतीय नौदलाने मारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलाने अफसरांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. अटी अगदी नेमक्या : एका रंगाचा, गुडघ्याच्या आसपास येणारा कुर्ता, बाह्यांना कफ, अरुंद पायजमा, वर बिनबाह्यांचं सरळ कटाचं जाकीट, पायात फॉर्मल बूट किंवा सँडल. मी हे वाचून जोरात हसलो. ही तर अण्णांची कारखान्याच्या वार्षिक सभेची ड्रेपरी! ज्यांचं अख्खं आयुष्य जहाजावर जातं, त्यांनाच हे चालतं तर आमच्या सात रात्रींना का नाही?

अर्थात ही वाट सगळीकडे इतकी सोपी नव्हती. २०१४ मध्ये चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी नेसलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना दारातून परत पाठवलं. गहजब झाला आणि त्याच वर्षी तमिळनाडूने असल्या बंदीविरुद्ध कायदाच केला. म्हणून अंदाजावर न जाता मी क्रूझ कंपनीला सरळ मेल टाकला : राष्ट्रीय पोशाख चालेल का, टोपीसकट? टोपीचं मुद्दाम विचारलं. कारण साहेबाच्या रीतीत जेवताना डोक्यावर काही असणं हा उद्धटपणा, आणि आमच्या गावात चारचौघांत बोडक्या डोक्याने जाणं हा! उत्तर आलं : पारंपरिक पोशाखाचा भाग असेल तर आनंदाने. मेलचा प्रिंट काढून अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचून घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मग कापड आणायला कधी जायचं?”

कापडबाजारातून कापड घेऊन भिंगारच्या एका टेलरमास्तरांकडे गेलो. अण्णांसाठी ऑफ-व्हाइट कुर्ता, पायजमा आणि गडद निळं जाकीट. माझ्यासाठी काळा बंदगळा. मास्तरांनी दिलेलं ज्ञान फुकटात पास ऑन करतो. “साहेब, सुटात गळा टायखाली झाकून जातो. बंदगळ्यात झाकायला काही नाही. गळा चुकला की सगळं चुकलं.” कॉलर आणि मान यांत एक बोट जावं, दोन नाही. खांद्याची शिवण खांद्यावरच संपावी. पहिलं माप कापडाचं, दुसरं कच्च्या शिलाईचं. ही दुसरी ट्रायल कधीच टाळू नका.

तुमच्यासाठी फंडा अगदी क्लिअर आहे. एक गडद बंदगळा दोन्ही रात्री निभावून नेतो. पहिल्या रात्री त्याच रंगाची पँट, दुसऱ्या रात्री क्रीम पँट आणि खिशात रेशमी रुमाल. टाय नको, बो नको, कफलिंक हरवल्याची बोंब नको. सूटच आवडतो? जरूर घाला, पण नेव्ही किंवा चारकोल, आणि आजच्या पोटाच्या मापाचा! चकचकीत शेरवानी मात्र नवरदेवासाठी ठेवा. डायनिंग हॉलमध्ये एसी जोरात असतो, त्यामुळे हलकं वुलन त्रास देत नाही. काळे लेदर बूट आधी आठवडाभर ऑफिसात घालून सैल करा. आणि घरची इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर खोलीत इस्त्रीला बंदी असते. कोट बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडा, बारीक सुरकुत्या जातात. नाहीतर लाँड्रीला द्या.

पहिल्या फॉर्मल नाइटला आई पैठणीत आणि अण्णा टोपी सरळ करत हॉलमध्ये शिरले. दारातल्या माणसाने हसून खुर्चीपर्यंत सोबत केली, एवढंच. कोणी वळून पाहिलं नाही. पाहिलं असेल तर आईच्या पदराकडे. शेजारच्या टेबलावर एक स्कॉटिश आजोबा चौकटीचा किल्ट घालून बसले होते. अण्णांनी त्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं आणि हळूच मला म्हणाले, “त्याच्या गावचा पोशाख दिसतोय. घातलाय मात्र नीट.”

फॉर्मल नाइटची याहून चांगली व्याख्या मला कुठल्याच कंपनीच्या वेबसाइटवर सापडली नाही. कपडा कुठल्या गावचा, हे कोणी विचारत नाही. धुतलेला, मापाचा, इस्त्रीचा आणि समोरच्या पानाचा मान ठेवून घातलेला असला की झालं. तेव्हा पुढच्या वेळी मेलमध्ये ती बारीक ओळ दिसली तर घाबरू नका. कंपनीला एक प्रश्न विचारा आणि टेलरमास्तरांना निदान महिनाभर आधी गाठा. लग्नसराईत ते कॅप्टनचंसुद्धा ऐकत नाहीत!