वीस किलोंचा हिशेब

“पायावर २० किलोंहून अधिक भार देऊं नका,” एवढें सांगून डॉक्टर मोकळे झाले. जिन्यावरून घसरून आमच्या चवड्याचें एक हाड मोडलें होतें, आणि पोटरीपर्यंत पट्ट्यांनीं आवळलेला एक अगडबंब बूट आमच्या वांट्यास आला होता.

आमचें वजन ७२ किलो. उरलेले ५२ किलो कुबड्यांनीं वाहावयाचे. हा हिशेब पायाला शिकविण्याकरितां घरचा वजनकांटा जमिनीवर मांडला, त्यावर दुखरा पाय हळूहळू टेकला आणि कांटा २० वर येतांच विजयी मुद्रेनें सौभाग्यवतींकडे पाहिलें. “आतां चालून दाखवा,” त्या म्हणाल्या. चार येरझाऱ्या घालून पुन्हा पाऊल टेकलें, तों कांटा ३५ वर! जन्मभर विद्यार्थ्यांना मोजूनमापून वागण्याचा उपदेश करणाऱ्या प्राध्यापकाची ही शोभा!

बूट मात्र आपलें काम चोख करी. एरवीं पाऊल उचलतांना सारा भार चवड्यावर एकवटतो. या बुटाचा तळ होडीसारखा वक्र असल्यानें पाऊल न वांकतां पुढें डोलतें. घोटा जखडलेला असल्यानें भाराचा कांहीं अंश पोटरी पेलते. चवड्यावरचा दाब उतरतो, तो असा. पण भार नाहींसा होत नाहीं. तो केवळ जागा बदलतो. बुटाच्या जाड तळामुळें एक पाय उंच झाला आणि आमची कंबर कुरकुरूं लागली!

अशा येरझाऱ्या घालतांना आम्हांस थोरल्या बंधूंची आठवण होई. मधुमेहानें दादांच्या तळव्यांची संवेदना गेली होती. वहाणेंत शिरलेला खडा त्यांना दिवसभर कळला नाहीं, जखम चिघळली. भार देण्यास मनाई होती, तरी ते चालत राहिले आणि अखेर पाय गमावून बसले. तेव्हां आम्हीं त्यांना हलगर्जी म्हटलें होतें. १९४६ सालीं वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरुग्णांच्या पायांवरून जें ओळखलें, तें आम्हांस त्या वेळीं ठाऊक असतें तर! दुखणारा पाय माणसाला लंगडावयास लावतो, एका जागेवरचा भार दुसरीकडे हलवितो. न दुखणारा पाय त्याच जागीं पुनःपुन्हा भार घेऊन स्वतःचा घात करून घेतो.

आमच्याजवळ कांटा होता, कुबड्या होत्या, सौभाग्यवतींची नजर होती, आणि सर्वांत जागरूक पहारेकरी म्हणजे ठणकणारें हाड होतें. तरीहि २० किलोंचें वचन आम्हांस पाळतां आलें नाहीं. दादांजवळ तो पहारेकरीच नव्हता. आज ते हयात नाहींत. क्षमा मागावयाची कोणाची?

रात्रीं बूट सोडला कीं पाय ठणकूं लागतो. हल्लीं आम्ही त्याबद्दल तक्रार करीत नाहीं.