पावणेदोन इंच

मोटारीची उंची कोठून मोजावयाची, हा प्रश्न बहुतेक वाचकांना कधीं पडला नसेल. रस्त्यानें जाणाऱ्या गाडीकडे पाहतांना आपली दृष्टि तिच्या रंगाकडे, कांचांकडे, फार तर छताकडे जाते. रस्त्याला या गोष्टींशीं कांहीं कर्तव्य नसतें. त्याची गांठ पडते ती गाडीच्या पोटाखालीं जें कांहीं सर्वांत खालीं लोंबत असेल त्याच्याशीं. तें जमिनीपासून जितकें वर, तितकीच त्या गाडीची खरी उंची; बाकीचा सारा डौल.

मी जन्मभर महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें. तरी या गोष्टीचा विचार करण्याचा प्रसंग आला तो सेवानिवृत्तीनंतर, कॅलिफोर्नियांत, भाच्याच्या गॅरेजमध्यें. माझी थोरली बहीण आक्का कित्येक वर्षांपासून आपल्या मुलाकडे तिकडेच असते. गेल्या हिवाळ्यांत तीन महिने मी त्यांच्याकडे राहावयास गेलों होतों. घरांत आक्का, भाचा, सूनबाई, दोन नातवंडें, आणि सहावें माणूसच म्हणावें अशी एक जुनी डॅटसन २४०-झेड मोटार.

ही गाडी जपानांत १९६९ सालीं बाहेर आली आणि पाठोपाठ अमेरिकेंत गेली. लांब नाक, आंखूड पाठ, आंत दोनच माणसांपुरती जागा, आणि पुढें २.४ लिटरचें सहा सिलिंडरांचें इंजिन. युरोपांतल्या नामांकित गाड्यांच्या तोडीस तोड धांवणारी, परंतु आरंभींची किंमत साडेतीन हजार डॉलरांच्या आसपास. त्यामुळें साध्या नोकरदारालाही तिचें स्वप्न पाहतां येई. आक्काचे यजमान १९७२ सालीं शिकावयास अमेरिकेंत होते. विक्रेत्याच्या दुकानाबाहेर क्षणभर थांबून ते ही गाडी पाहत आणि मग बसनें खोलीवर जात. पुढें ते मुंबईस परतले, संसारांत गुंतले, आणि ती गोष्ट त्यांच्या गप्पांपुरती उरली. त्यांच्या निधनानंतर भाच्यानें शोध करून बरोबर १९७२ सालचीच गाडी विकत घेतली. तेव्हां ती केवळ हौस होती, असें कोणीं म्हणूं नये.

आधींच्या मालकानें आंखूड स्प्रिंगा बसवून ती गाडी दोन इंच खालीं उतरविली होती. असें केल्यानें गुरुत्वमध्य खालीं येतो व वळणावर गाडी कमी कलते, हें शास्त्राला धरून आहे. पण खरें कारण भाच्यानेंच सांगितलें : "मामा, ती जमिनीला बिलगून उभी राहिली म्हणजे कशी दिसते, तेवढें पाहा!" गाडी दिसे सुरेख, यांत शंका नाहीं.

त्याच मालकानें आणखी एक बदल केला होता. कारखान्यांतून येतांना या इंजिनाचा धूर ओतीव लोखंडाच्या एका जाडजूड, आटोपशीर भागांतून बाहेर पडतो. त्याच्या जागीं त्यानें 'हेडर' म्हणतात तो सहा नळ्यांचा जुडगा लावला होता. सहा सिलिंडरांना सहा नळ्या. पुढल्या तीन एकत्र मिळतात, मागल्या तीन एकत्र मिळतात, आणि शेवटीं दोन्ही प्रवाहांचा एक होतो. या इंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. म्हणजे एक हबका पुढल्या गटांतून, तर त्यानंतरचा मागल्या गटांतून; कोणी कोणाच्या वाटेंत येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर पुढें गेलेल्या हबक्यामागें जो दाब कमी होतो, तो पुढच्या धुराला ओढून घेण्यास मदत करतो. युक्ति मोठी सुंदर आहे. मात्र तिला लांबी लागते. ती लांबी इंजिनाजवळ मावत नाहीं, म्हणून नळ्या खालीं उतरतात आणि त्यांचा सांधा गाडीच्या तळाखालीं येऊन लोंबतो. दोन इंच उतरविलेली गाडी आणि तिच्याखालीं हा सांधा! जमिनीपासून अंतर उरलें पावणेतीन इंच.

तिकडे वस्तीच्या रस्त्यांवर तीन-चार इंच उंचीचे रुंद उंचवटे असतात. ते सावकाश ओलांडले तर निभावे. जरा वेग राहिला कीं स्प्रिंगा दबत आणि खालून कर्र असा आवाज येई. त्याहून वाईट म्हणजे घरासमोरचा उतार. पुढचीं चाकें रस्त्यावर उतरलीं आणि मागचीं अजून वर असलीं, म्हणजे दोन्हींमधला भाग कडेच्या कंगोऱ्यावर टेके. तो आवाज ऐकून सूनबाई स्वयंपाकघरांतून म्हणे, "निघाली वाटतें स्वारी."

मी गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यांत एके दिवशीं थंडी फार होती. भाच्यानें आक्काला त्या गाडींतून देवळांत नेलें. कांचा बंद होत्या. तासाभरानें आक्का परत आली ती कपाळ दाबून धरीत, मळमळतें म्हणत. सूनबाई रुग्णालयांत काम करणारी. तिला लगेच संशय आला. आक्काला तपासून आणल्यावर तिनें कार्बन मोनॉक्साइड मोजणारें एक छोटें यंत्र त्या गाडींत ठेवून इंजिन सुरू करविलें. आंकडा चढूं लागला. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहूनही अधिक घट्ट चिकटतो. हें सारें मी वर्गांत शिकविलें होतें. घरांतल्या माणसाच्या कपाळावर पाहिलें नव्हतें.

गाडी उचलून पाहिली. घांसून घांसून नळ्यांचा सांधा खालून चपटा झाला होता आणि जोडावर बोटभर लांब चीर पडली होती.

त्या रात्रीं घरांत प्रथमच मोठ्यानें बोलणें झालें. सूनबाईचें म्हणणें, गाडी विकून टाकावी, निदान मूळ उंचीवर आणावी. सासूबाईंच्या जिवापुढें शोभा कसली? भाच्याचें म्हणणें, गाडी नीट करीन, पण विकणार नाहीं. दोघांचेंही बरोबर होतें, म्हणूनच कोणी मागें हटेना. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त मुलेंच बोलत होतीं. तिसऱ्या दिवशीं आक्का ताक घुसळतां घुसळतां म्हणाली, "अरे, जें खालीं लोंबतें तेवढेंच वर घेतां येत नाहीं का?"

भाचा हंसला आणि उठून गॅरेजमध्यें गेला. मीही गेलों.

प्रश्न असा निघाला : गाडी तशीच ठेवून नळ्यांचा मार्ग बदलावयाचा. बाजारांत असा एक हेडर मिळाला कीं ज्याचा सांधा गिअरपेटीच्या बाजूला वर सरकविलेला होता. आणि त्यापुढील नळी गोल न ठेवतां लंबगोल करून घेतली. तेवढाच धूर जातो, पण उंची कमी लागते. मात्र नळी वाटेल तितकी वर घेतां येत नाहीं. इंजिन रबरी आधारांवर बसलेलें असतें. तें हलतें, तशी नळीही हलते. वर तळाला लागणार नाहीं इतकी मोकळीक सोडावीच लागते.

काम चार सुट्यांचें झालें. गंजलेल्या नटांना आदल्या आठवड्यापासून तेल पाजलें होतें. तरी दोन स्टड तापविल्याशिवाय सुटले नाहींत. या इंजिनांत हवा आंत घेणारा भाग आणि धूर बाहेर सोडणारा भाग एकाच बाजूला असतात; दोघांना गॅस्केट एक, आणि कांहीं बोल्टही सामाईक. म्हणून हेडर काढावयाचा तर कार्ब्युरेटरांसह वरचा भागही उतरवावा लागला. खरी नाजूक गोष्ट पुढें होती. सामाईक बोल्टाचा जाड वायसर एका बाजूनें हेडरच्या पट्टीवर दाबतो, दुसऱ्या बाजूनें वरच्या भागावर. दोहोंची जाडी सारखी नसेल तर वायसर तिरपा बसतो, एकाला घट्ट आणि दुसऱ्याला सैल धरतो. मग तेथून धूर गळणारच. नवीन पट्टी व्हर्निअरनें मोजली ती पातळ निघाली. भाच्यानें फरकाइतकी पायरी असलेले वायसर लेथवर करून आणले. मग मधल्या बोल्टापासून दोन्ही टोकांकडे थोडें थोडें आवळीत गेलों, आणि इंजिन तापून निवाल्यावर पुन्हां एकदां आवळलें.

मोजमाप चाकांवर भार ठेवूनच करावयाचें असतें. सपाट जमिनीवर गाडी उभी करून दोन्ही बैठकींवर माणसांच्या वजनाइतक्या तांदळाच्या पिशव्या ठेवल्या. अंतर भरलें साडेचार इंच. म्हणजे लाभ पावणेदोन इंचांचा. कॅलिफोर्नियाच्या वाहन-कायद्यांत २०२३ सालच्या अखेरपर्यंत असा नियम होता कीं, बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कडेपेक्षां खालीं असूं नये. त्या गाडीची कड चार इंचांवर होती. नियमामागचा विचार मला फार आवडला. टायरमधली हवा गेली तरी गाडी आपल्या चाकांवर उभी राहावी. पोटावर पडूं नये.

त्या चार सुट्यांत माझ्या मनांत एकच विचार घोळत होता. घरांतलीं भांडणेंही बहुधा अशींच सबंध गाडीवर होतात : विकावी कीं ठेवावी, वेगळें व्हावें कीं एकत्र राहावें. प्रत्यक्षांत घांसत असतो एखादाच सांधा. कोणाचें तरी खालीं वांकून पाहणें तेवढें राहून गेलेलें असतें. वांकावें मात्र लागतें. उभ्यानें तो दिसत नाहीं.

सूनबाईनें आपलें यंत्र पुन्हां गाडींत ठेवलें. कांचा बंद करून अर्धा तास गाडी चालवून आणविली. आंकडा शून्यावरून हलला नाहीं. मग तिनें स्वतःच सासूबाईंच्या अंगावर शाल घातली आणि दार उघडून त्यांना आंत बसविलें. गाडी उताराकडे निघाली तेव्हां आम्ही दोघें पायरीवर उभे राहून कान देऊन ऐकत होतों. पुढचीं चाकें रस्त्यावर उतरलीं, मागचीं उतरलीं. कांहींच आवाज झाला नाहीं. वळणावर आक्कानें मागें वळून हात हलविला. "आतां चहा टाकतें," असें म्हणून सूनबाई आंत गेली.