‘मआयो’ म्हणजे बरे

आमची पुतणी फिलिपाइन्समधील दवाओ शहरात डॉक्टरकी शिकते. शिकवणे इंग्रजीत, पण वॉर्डातला रुग्ण बोलतो बिसाया, म्हणजेच सेबुआनो. त्या देशाची राष्ट्रभाषा फिलिपिनो, ती तागालोगवर बेतलेली. परंतु सेबू बेटापासून मिंदनाओपर्यंत सुमारे २ कोटी लोक घरात सेबुआनोच बोलतात. कोळी किंवा मजूर माणूस आपले दुखणे परक्या भाषेत कसे सांगणार? म्हणून पोरीने भाषा शिकायला घेतली आणि फोनवरून तिच्याबरोबर आम्ही घरातले सगळेच शिकू लागलो.

पहिला शब्द ‘मआयो’. अर्थ, चांगला. दोन्ही स्वर वेगळे, मध्ये किंचित थांबून म्हणायचे. सकाळी ‘मआयोंग बुंताग’, भर दुपारी ‘मआयोंग उद्तो’, रात्री ‘मआयोंग गाबिइ’. शेवटचा ‘ंग’ विशेषणाला नामाशी बांधतो. ‘मआयोंग तावो’ म्हणजे चांगला माणूस. ‘मआयो सिया’ म्हणजे तो चांगला आहे, किंवा ती चांगली आहे. ‘आहे’ला शब्द लागत नाही आणि ‘सिया’वरून बाई की पुरुष ते कळत नाही. आपल्यासारखे चांगला-चांगली-चांगले नाही. सौ. म्हणाली, “बरंय, शब्दात तरी समता आहे.” शब्दात असली म्हणजे घरात असतेच असे नाही, हे महिला मंडळाच्या कामात आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

खरी गंमत पुढे आहे. ‘मआयो ना को’ म्हणजे मी आता बरा झालो. ‘दिलि मआयो आकोंग पामिनाव’ म्हणजे मला बरे वाटत नाही. तेव्हा ‘चांगला’पेक्षा आपला ‘बरा’ हा शब्द अधिक जवळचा. बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे, तेही याच ‘आयो’ धातूवरून. आणि ‘कआयो’ म्हणजे फार, खूप. तो विशेषणाच्या मागून येतो. ‘मआयो कआयो’ म्हणजे फार चांगले. पण रुग्ण ‘साकित कआयो’ म्हणतो तेव्हा त्याला फार दुखत असते! पुतणीला हे चमत्कारिक वाटले. आम्ही म्हटले, अगं, आपणही ‘चांगलंच दुखतंय’ म्हणतो, ‘बराच ताप आहे’ म्हणतो. बऱ्यापासूनच ‘बराच’ आला ना?

याच शब्दाने कसबही सांगतात. ‘मआयो सिया मोकांता’ म्हणजे तो चांगला गातो. चांगला, निरोगी आणि निपुण, तिन्ही एकाच शब्दात. विहारात पाली शिकणाऱ्यांना येथे ‘कुसल’ आठवल्यावाचून राहणार नाही. पालीत कुसल म्हणजे हितकारक, निर्दोष आणि निपुणही. आपण कुशल कारागीर म्हणतो आणि पत्रात क्षेमकुशलही विचारतो. दोन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी माणसांनी चांगुलपणा, आरोग्य आणि हातातले कसब एकाच गाठोड्यात बांधले. बाबासाहेबांनी एवढ्या धकाधकीत पाली शब्दकोश तयार केला (तो पुढे १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात आला) तो का, ते अशा वेळी समजते. एका शब्दाला एक अर्थ लावून भागत नाही. सेबुआनोचाही जॉन वुल्फ यांचा मोठा कोश १९७२ सालचा आहे.

आमच्या आईला मात्र दुसरीच गोष्ट लागली. तिकडे कोणाच्या घरी गेले की दाराबाहेरून ‘आयो!’ अशी हाक देतात. आईने विचारले, “कुणाच्याबी दारात?” पुतणी म्हणाली, “हो आजी, कुणाच्याही.” आई गप्प झाली. मग म्हणाली, “माझा आजा पाटलाच्या वाड्याम्होरं जोहार मायबाप म्हनायचा. तेबी लांबून, उंबऱ्याला सावली पडू नये म्हनून.” ते जोहार १९५६ च्या आधीच आपल्या लोकांनी टाकायला सुरुवात केली होती, आणि पुढे त्या जागी जयभीम आला. फिलिपाइन्समध्ये गरिबी नाही असे नव्हे. दवाओभोवती केळीचे मोठमोठे मळे आहेत, आणि मळा कोणाचा आणि राबणारा कोण हा प्रश्न तिथेही आहेच. तरीपण दारातली हाक धन्याला वेगळी आणि मजुराला वेगळी नाही, एवढे आईने पक्के विचारून घेतले.

आता पुढचा शब्द ‘अयाव’, म्हणजे नको. ‘आयो’च्या इतका जवळचा वाटतो की कान देऊन ऐकावे लागते. पुतणीने सर्वांत आधी ‘अयाव काबालाका’ पाठ केले आहे. काळजी करू नका, असे ते वाक्य.