दोन पिशव्या

१.
भाचीची बायपास झाली. हृदयाची नाही, जठराची. हे प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं.

२.
दवाखान्यातला दुसरा दिवस. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसल्या प्लॅस्टिकच्या कपात ३० मिली पाणी. पंधरा मिनिटांत तो कप संपवायचा, एकेक घोट घेत. घड्याळ माझ्या हातात. तिची जठराची नवी पिशवीही साधारण तेवढीच, ३० मिलीची. बाकीचं जठर आतच आहे, पण अन्न आता त्या वाटेने जात नाही.

३.
सर्जननी कागदाच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. वर छोटी पिशवी, तिला खालचं आतडं आणून जोडलेलं, आतड्याचा पहिला भाग वळसा घालून टाळलेला. जोडणीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. सेझार रू या स्विस सर्जनच्या नावावरून तिला रू-एन-वाय म्हणतात. लठ्ठपणासाठी बायपास पहिल्यांदा केली ती १९६६ साली, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी.
भाचीला साखर होती आणि छातीत सतत जळजळ. म्हणून जठर कापून अरुंद करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया न करता बायपास.

४.
डिस्चार्जच्या वेळी चार पानं मिळाली. प्रथिनं किती, कॅल्शियम कधी, लोहाच्या गोळीनंतर चहा किती वेळ नको, स्कूटर कधीपासून, जड बादली कधीपासून. तिसऱ्या पानावर शेवटून दुसरी ओळ : ‘१८ महिने गर्भधारणा टाळावी.’
कशी टाळावी, याबद्दल चारही पानांत काही नाही.
भाचीने गाडीत बसल्या बसल्या त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलं, ‘कशी?’

५.
घरी टेबलाच्या खणात जुनी स्ट्रिप सापडली. एकवीस गोळ्यांची, सहा संपलेल्या.
“मावशी, ह्या परत सुरू करू?”
ह्या तिच्या ‘पाळी रेग्युलर करायच्या गोळ्या’. पीसीओडी आहे म्हणून अठराव्या वर्षापासून अधूनमधून घेतलेल्या. शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी बंद करायला सांगितल्या होत्या, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. इतकी वर्षं ह्या गोळ्या पोटात गेल्या, पण त्यांना गर्भनिरोधक गोळ्या असं तिच्यासमोर कुणी कधी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

६.
गोळी गिळली म्हणजे अंगी लागली असं नाही. गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं प्रामुख्याने लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषली जातात. बायपासमध्ये नेमका तोच भाग टाळलेला असतो. रक्तात औषध किती पोचेल याची खात्री देता येत नाही.
अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या निकषांत प्रत्येक साधनाला एक ते चार असा वर्ग दिलेला असतो. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या तिसऱ्या वर्गात, म्हणजे शक्यतो नकोत. स्लीव्हनंतर त्याच गोळ्या पहिल्या वर्गात, म्हणजे हरकत नाही. ब्रिटनमधले तज्ज्ञ जास्त सावध आहेत. वजनाची कुठलीही शस्त्रक्रिया झाली असेल तरी गोळी सोडून दुसरं साधन घ्या, असं ते सांगतात.
शिवाय पहिल्या काही आठवड्यांत उलट्या होतात. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी धरायचीच नाही.

७.
“पण मला कुठे दिवस राहतात?”
लग्नाला तीन वर्षं झाली. दोन डॉक्टर, एक सोनोग्राफी सेंटर, असंख्य सल्ले. तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आपल्याला मूल होत नाही, तर ते टाळायचं कशाला?
वजन उतरायला लागलं की बंद पडलेलं बीज पुन्हा बाहेर पडू लागतं, काहींचं तर दोन-तीन महिन्यांतच. आणि बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. पाळीची वाट बघत बसलेल्या बाईला ते कळत नाही.

८.
शेजारच्या इमारतीतून आरोग्य सर्वेक्षणाच्या ताई आमच्याकडे आल्या. भाची माझ्याकडेच होती.
“ऑपरेशन झालंय का?”
“हो, गेल्याच महिन्यात.”
ताईंनी रकान्यात खूण केली. मी वाकून बघितलं. स्त्री नसबंदी.
खोडून घेतलं.

९.
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के. पुरुष नसबंदी ०.३ टक्के.

१०.
विहीणबाई भेटायला आल्या. तिच्यासाठी पातळ ताक, माझ्यासाठी चिवडा. निघताना तिच्या पाठीवरून हात फिरवला. “आता वजन उतरतंय. पुढच्या चैत्रापर्यंत पाळणा हलू दे.”
भाचीने त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन झपाट्याने उतरतं. तिला स्वतःलाच लोह, बी-१२, फोलेट पुरत नाही, तर बाळाला कुठून देणार?
विहीणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “मग थांबा की. तीन वर्षं थांबलो, आणखी दीड. लेकराला उपाशी ठेवून कसं चालेल?”
चार पानांत नव्हतं ते तीन वाक्यांत आलं.

११.
स्त्रीरोगतज्ज्ञ तपासता तपासता म्हणाल्या, “पिशवी छान आहे.”
भाची : “कुठली?”

१२.
त्यांच्या टेबलावर एक प्लॅस्टिकचं गर्भाशय आणि खोक्यात सगळी साधनं. कॉपर टी ३८० हातात घेऊन बघितली. पांढरी, आगपेटीच्या काडीहून आखूड. दांडीवर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली, आडव्या हातांवर तांब्याच्या बारीक नळ्या. ३८० हा आकडा म्हणजे तांब्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. दहा वर्षं चालते. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका हिला ‘तांबी’ म्हणायच्या. मला तोच शब्द आवडतो. काय आहे ते लगेच कळतं.
तांबी पोटातून जात नाही, आतड्यातून शोषली जात नाही. बायपास झाली काय, न झाली काय, तिला फरक पडत नाही.
पण तांबीने अंगावरून जास्त जाऊ शकतं. भाचीचं हिमोग्लोबिन ९.६. लोह ज्या भागात शोषलं जातं, तोच भाग बायपासने टाळलेला. येणं कमी, त्यात जाणं वाढवायचं का? डॉक्टरांनी तांबी पुन्हा खोक्यात ठेवली.

१३.
अंतरा. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून मोफत. यातही पोटाचा संबंध नाही. पण काहींचं वजन वाढतं, आणि हाडांची घनता थोडी कमी होते. बायपासनंतर हाडांना आधीच जपावं लागतं. सोडल्यावर दिवस राहायलाही अनेक महिने जाऊ शकतात, आणि भाचीला दीड वर्षाने मूल हवं आहे.
वजन वाढतं हे ऐकल्यावर तिने पुढचं नीट ऐकलंच नाही. तिला मी दोष देणार नाही.

१४.
छाया, म्हणजे बाजारातली सहेली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची गोळी. आपल्या देशाने जगाला दिलेलं औषध, त्याचा मला अभिमान आहे. पण तीही गोळीच, आणि पीसीओडी असेल तर देत नाहीत.

१५.
दंडात बसवायची काडी. उत्तम साधन. सरकारी कार्यक्रमात अलीकडे आली, तीही अजून निवडक ठिकाणीच.

१६.
जावई आत आले तेव्हा म्हणाले, “तोपर्यंत निरोध आहेच.” डॉक्टरांनी त्यांना शाबासकी दिली आणि मग आकडे सांगितले. लोक प्रत्यक्षात जसं वापरतात तसं धरलं, तर वर्षभरात निरोधवर अवलंबून असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण तेरा जणींना दिवस राहतात. गोळीवर सात. तांबीवर एकीपेक्षा कमी.
जावयांनी फोनमध्ये टिपून घेतलं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचे गजरही त्यांच्याच फोनमध्ये आहेत, दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर ठेवून. असा नवरा शेजारी असला की बायपासनंतरचं पहिलं वर्ष निभावतं.

१७.
‘नंतरची गोळी’ कुठल्याही केमिस्टकडे मिळते. तीही तोंडावाटेच. वजन सत्तर किलोच्या वर असेल तर तिचा भरवसा आधीच कमी, त्यात बायपास. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती कितीतरी खात्रीची. मी विचारलं त्या चारही मैत्रिणींना हे माहीत नव्हतं. त्यातली एक शिक्षिका, एक परिचारिका.

१८.
साधन फसलं तर? गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. साधन निकामी ठरल्याचं कारण आधी फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनाच देता येत होतं. आता तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं.

१९.
आमच्या मजल्यावरच्या मुलीने शस्त्रक्रिया न करता मौंजारो सुरू केलं आहे. भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. आठवड्याला एक इंजेक्शन, भूक कमी, वजन कमी. ती गर्भनिरोधक गोळी घेते. कंपनीच्याच सूचनापत्रात लिहिलं आहे : औषध सुरू केल्यावर चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, गोळीबरोबर निरोध वापरा किंवा तोंडावाटे नसलेलं साधन घ्या. सूचनापत्र घडी न मोडता खोक्यात होतं. दोघींनी बसून वाचलं.

२०.
रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं १९२१ मध्ये. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून, मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत. प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले. बाईला साधन माहीत असावं, हे त्यांचं म्हणणं होतं.
तिसऱ्या पानावरची ती पेन्सिलीची खूण बघताना मला ते आठवले.

२१.
भाचीने तांबीसारखीच, पण तांब्याऐवजी संप्रेरक असलेली टी निवडली. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक तिच्या दांडीत असतं आणि थेंबाथेंबाने गर्भाशयातच सुटतं. निदान पाच वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. अंगावरून जाणं कमी होतं, म्हणजे लोह वाचतं. पीसीओडीत पाळी महिनोन्महिने येत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यालाही हिने आळा बसतो. तिची अडचण बघता मला याहून बरं काही दिसलं नाही. स्लीव्ह झालेल्या, हिमोग्लोबिन चांगलं असलेल्या दुसरीला साधी तांबी पुरेल.

२२.
बसवायचा दिवस. आधी लघवीची तपासणी, मग टेबल. पंखा फुल. तिने माझं मनगट धरलं आणि बांगडी रुतेपर्यंत दाबलं. “खोका.” खोकली. एक जोरदार कळ, मग दुसरी. पाच मिनिटं लागली असतील. नंतर अर्धा तास गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर.
हात धुता धुता डॉक्टर म्हणाल्या, “बायपासच्या वेळीच बसवता आली असती. भूल दिलेलीच होती, हिला ही कळ कळलीही नसती. पण त्यासाठी मला आधी कुणीतरी विचारायला हवं होतं.”
सर्जनचा दवाखाना आणि यांचा दवाखाना एकाच इमारतीत आहेत. मधे दोन जिने.

२३.
तीन महिने अधूनमधून डाग पडले. मग थांबले.

२४.
शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११८. आज ८९. हिमोग्लोबिन ११.२. खणातली एकवीसची स्ट्रिप तिने स्वतः फेकली.

२५.
फॉलोअपला गेलो तेव्हा भाचीने तिसरं पान आहारतज्ज्ञ मुलीपुढे ठेवलं. “इथे एक ओळ वाढवाल का?” मुलीने पेन्सिलीतलं ‘कशी?’ वाचलं, फोनवर पानाचा फोटो काढला आणि म्हणाली, “सरांना दाखवते.”

२६.
तुमच्या घरात कुणाची वजनाची शस्त्रक्रिया ठरली असेल आणि ती मूल होण्याच्या वयाची असेल, तर तारीख पक्की करण्याआधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. तीन गोष्टी सांगा : शस्त्रक्रिया कुठली, हिमोग्लोबिन किती, मूल कधी हवं. नवऱ्यालाही बरोबर न्या. आणि तिथलं उत्तर लिहून आणून सर्जनच्या फाइलला लावा.